काटा खाली आणणे

वडिलांची १९६८ सालची गाडी घाटात तापायची. पाणी पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवणारा थर्मोस्टॅट एका मेकॅनिकने काढूनच टाकला. काटा खाली आला, आम्ही सुखावलो. पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा उकळली.

दुसऱ्या मिस्त्रींनी इंजिन गार होईपर्यंत झाकणाला हात लावला नाही. मग पाणी, पंख्याचा पट्टा, रबरी नळ्या क्रमाने पाहिल्या. दोष रेडिएटरमधल्या गाळात निघाला. थर्मोस्टॅट त्यांनी परत बसवला. कायम थंड राहणारं इंजिनही झिजतं.

अनुवादात खटकणारं वाक्य मी गुळगुळीत करते. वाचक सुखावतो. पण ते खटकणं लेखकाने मुद्दाम ठेवलेलं, की माझ्याच वाचनात गाळ साचलेला? हे न तपासता केलेली दुरुस्ती प्रामाणिक कशी म्हणावी?