तारण कशापासून?

गडचिरोलीतल्या मुलचेऱ्यात होतो तेव्हा एका लहानशा मंडळीची प्रार्थनेची वही माझ्या टेबलावर असायची. मी ख्रिस्ती नाही. घर वारकरी, वर्ध्याकडचं. पण मंडळीचे पाळक मूळचे तेलुगू. सगळे त्यांना अय्यगारू म्हणायचे. मराठी ते घडाघडा बोलत, लिहायला बसले की मात्र काना-मात्रा हातातून सुटत. शेजारी शिक्षक राहतो आणि त्याचं अक्षर बरं आहे, एवढ्याच लायकीवर ती दोनशे पानी वही माझ्याकडे आली.

रविवारी उपासना संपत आली की अय्यगारू विचारत, "प्रार्थनेचे विषय?" मग पत्र्याच्या खोलीत सतरंजीवर बसलेली माणसं एकेक सांगत आणि कुणीतरी ते चिठोऱ्यावर टिपून घेई. सोमवारी मी ते वहीत उतरवायचो. माह्या लेकराचा ताप उतरला पायजे. धान कापाले आला, आता पानी नको. मालकाची दारू सुटू दे. जमिनीचा पट्टा भेटू दे. पोरीले नर्सिंगचा नंबर लागू दे. रानात गेलेला बैल सापडू दे. यातल्या बैलापुढे कंसात 'मंडळीबाहेरचा' असं लिहिलेलं होतं, कारण बैलाचा धनी उपासनेला येत नसे. त्याने शेजारणीजवळ निरोप दिला होता. मागणं पुरं झालं की पुढे बरोबरची खूण करायची. बैलापुढे ती पडली. तापापुढे कधी पडे, कधी ती जागा कोरी राही आणि पुढच्या रविवारी कुणी त्याबद्दल विचारत नसे.

त्याच खोलीत दर रविवारी एक शब्द हमखास उच्चारला जाई, तो म्हणजे तारण. तुझं तारण झालं आहे का? तारण आज आहे, उद्याचा भरवसा नाही. या झाडीपट्टीतली माणसं 'ण'चा 'न' करतात, त्यामुळे तिथे तो 'तारन' होई. गंमत अशी की उपदेशात पाऊस पडावा तसा पडणारा हा शब्द वहीत क्वचितच यायचा. आपलं तारण व्हावं असं मागणं कुणी घालतच नसे. मागायचे ते ताप, पाऊस, दारू, पट्टा. पहिल्यांदा मला यात विसंगती दिसली. उपदेश स्वर्गाचा आणि मागणी बाजारहाटाची, असं मी मनात म्हटलंही. ते शहाणपण पुढे टिकलं नाही.

मराठीत तारण हा शब्द दोन घरी नांदतो. बँकेच्या पाटीवर 'सोनेतारण कर्ज' असतं तिथे तो गहाणाचा भाऊ: काहीतरी ठेवून घ्यायचं, म्हणजे पैसे बुडणार नाहीत. दुसरं घर पाण्याचं. तारू म्हणजे नाव, तरणं म्हणजे पार होणं, आणि देव तारी त्याला कोण मारी ही म्हण पुरात, अपघातात, बाळंतपणात सगळ्यांच्या तोंडी येते. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते. या भागात पावसाळ्यात नाल्यावरून पाणी वाहू लागलं की रस्ता तिथेच संपतो, आणि पलीकडच्या गावात ताप चढलेलं पोर असलं तर तारणे हे क्रियापद कोशात बघावं लागत नाही. मंडळीतल्या बंगाली आजीला तर ते जास्तच कळत होतं. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना दंडकारण्यात जमिनी देऊन वसवलं गेलं, त्यांत तिचं घर. ती किती पाण्यांवरून इथे आली, हे तिने मला कधी सांगितलं नाही.

हा शब्द चर्चमध्ये कसा रुळला, हे बघताना मी मागे मागे गेलो. थेट गोव्यात पोचलो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला, आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं काढून घेतली होती. त्यांच्या जागी आम्हाला वाचायला काय, असं एक जण विचारतो, आणि तिथून ग्रंथाला तोंड फुटतं. मला या प्रसंगात धर्मांतरापेक्षा रिकामे झालेले हात दिसतात. स्टीफन्सने स्वर्गाला वैकुंठ म्हटलं, छंद ओवीचा घेतला आणि येशूची गोष्ट कथेकऱ्याच्या चालीवर सांगितली. तिथे तारण सिद्ध करून दाखवायचं नसून ऐकायचं आहे. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. पोथी ऐकलेल्या माणसाला ही रीत नवी नव्हती.

दोनशे वर्षांनी मुंबईत हवा पार बदललेली दिसते. १८३१ साली मोरभट दांडेकरांचं 'श्रीहिंदुधर्मस्थापना' निघालं आणि मिशनरी डॉ. जॉन विल्सनने त्याला पुस्तकानेच उत्तर दिलं. १८५७ साली विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी समुद्रकिनाऱ्यावर जाहीर वाद घालत होते. त्या वादांत तारण हा दाव्याचा विषय झाला: कुणाच्या शास्त्रात ते आहे, पुरावा काय, कुणाच्या देवाचं वागणं देवाला शोभत नाही. दोन्ही बाजू तर्काच्या पक्क्या. हे सगळं वाचताना मजा येते, पण पाच-पन्नास पानांनंतर दम लागतो. वाळूवर उभं राहून इतकं बोलणाऱ्या या माणसांतल्या एकालाही समोरच्या श्रोत्याला काय हवंय असं विचारावंसं वाटलं नाही का, हा प्रश्न मला त्या वहीमुळे पडला.

विचारण्याच्या जवळ गेलेला एक माणूस आमच्याच बाजूचा निघाला. स्टीफन हिस्लॉप, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा मिशनरी, १८४५ च्या सुमारास नागपुरात आला. आज त्याचं नाव कॉलेजमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्याने दगड गोळा केले, जीवाश्म गोळा केले, आणि परधानांकडून, म्हणजे गोंडांच्या गाथा गाणाऱ्यांकडून, लिंगोची गाथा लिहून घेतली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट-बोरीच्या बाजूला एक नाला ओलांडताना तो बुडाला. तारणाचा उपदेश करणाऱ्याला पाण्याने नेलं, यावर कुणी चटकदार काही म्हणू शकेल. मला ते नको वाटतं. त्याचे कागद सर रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापले.

त्या कागदांतली गोष्ट अशी. महादेवाने गोंडांना एका गुहेत कोंडून तोंडावर शिळा लोटली. चार जण निसटले. लिंगोने त्यांना हाताशी धरलं, तप केलं, महादेवाकडून सुटकेचा शब्द मिळवला आणि गुहा उघडली. कोंडलेले बाहेर पडले आणि वाटेत नदी आडवी आली. बाकीचे पार झाले, लिंगो आणि ते चौघे मागे राहिले. मगरीने पाठीवर घेते म्हणून सांगितलं आणि मध्यावर बुडवायला लागली. कासवाने त्यांना काढलं आणि पैलतीरी नेलं. त्या चौघांनी शपथ घेतली की आम्ही कासवाला कधी इजा करणार नाही. पुढे लिंगोने सगळ्यांना कुळांत वाटून दिलं, देव नेमून दिले. ही गुहा गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडची, असं मानतात. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

हिस्लॉपने ही गाथा उतरवताना काय वाटून घेतलं असेल? गुहेच्या तोंडावरची शिळा बाजूला सरकते, हे वाचून कुठल्याही ख्रिस्ती माणसाला ईस्टरची सकाळ आठवेल. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. सुटका झाली की गोष्ट संपत नाही. नदी आहे, मगर आहे, शपथ आहे, कुळं पाडायची आहेत. गोंडांच्या या तारणात एकटा कुणी तरत नाही. सुटणारे सगळे सुटतात आणि सुटल्यावर कोण कुणाचा सोयरा, कोण कुणाचा भाऊ, हे ठरतं.

पंडिता रमाबाईंपाशी आल्यावर मी बराच काळ थांबलो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी नेहेम्या गोरे, म्हणजे पूर्वीचे नीळकंठशास्त्री, यांनी ख्रिस्ती धर्म ईश्वरदत्त कसा याची प्रमाणं त्यांच्यासाठी मराठीत लिहून काढली होती. शास्त्र्याच्या मुलीला शास्त्र्याने घातलेलं आवतण ते. पण बाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवलं की आपल्याला तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो सात-आठ वर्षांनी सापडला. बाप्तिस्मा झालेल्या, बायबल वाचणाऱ्या, वाँटेजच्या सिस्टरांशी त्रैक्यावर पत्रातून भांडणाऱ्या बाईने हे म्हणावं! तारणाची तारीख दाखल्यावर असते तीच असं नाही, हे मराठी ख्रिस्ती साहित्यात इतक्या निर्भीडपणे दुसऱ्या कुणी क्वचितच सांगितलं असेल.

मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाईंनी ऐन तरुणपणी आईवडील दुष्काळात गमावले होते. पुराण सांगत हिंडणारं ते कुटुंब भुकेने मोडलं होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर-गडचिरोलीचा भाग, तेव्हा त्याच प्रांतात. तिथून त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला 'मुक्ती' उभं राहिलं. इथे मुक्ती हा शब्द बघण्यासारखा आहे. वेदान्त कोळून प्यालेल्या बाईने तो उचलला आणि विहीर, गोठा, छापखाना असलेल्या जागेला दिला. पोट भरलं, अंगावर लुगडं आलं, अक्षर आलं, हातात कसब आलं, मग गुडघे टेकले. १९०५ साली तिथे प्रार्थनेचं जे भरतं आलं, ते या ओळीत शेवटी आलं. सुरुवातीला सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला जमत, काही महिन्यांत ती संख्या कित्येक पटींनी वाढली. त्या रडण्या-हेलावण्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्या बाया रडण्याआधी काय जेवल्या होत्या, यात जास्त रस आहे. शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबल सोप्या मराठीत उतरवण्यात घालवली. छापखान्यात त्यांच्याच मुली होत्या.

नारायण वामन टिळकांचं तसं थोडक्यात सांगता येईल, कारण त्यांच्याविषयी मराठी वाचकाला 'स्मृतिचित्रे'मुळे घरच्यासारखं ठाऊक आहे. १८९३ साली नागपूर-राजनांदगाव गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची धारणा. त्यांच्याआधी नगरकडे कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलंच होतं. टिळकांनी अभंग मंडळीच्या ओठांवर आणला आणि विनवणीचा सूर बदलला: पापाचा हिशेब मागे पडला, लेकराने आईला बिलगावं तशी भाषा आली. १९१७ साली ते मिशनमधून बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही बसू शकत. दोन वर्षांत ते गेले, दरबारही फार टिकला नाही. पण तारणाला सभासदत्वाचं रजिस्टर लागतं का, हा प्रश्न त्यांनी टाकला तो टाकलाच.

चांद्याकडे पुढे रजिस्टरं भरपूर झाली. एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश एपिस्कोपल चर्चने चांद्यात मिशन काढलं. १९६२ साली केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांनी चांदा हे आपलं धर्मक्षेत्र केलं, बल्लारशाला त्यांचं कॅथेड्रल आहे. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. प्राणहितेपलीकडून तेलुगू प्रार्थनागट आले ते वेगळेच. सतरंजी, ढोलक, टाळ्या आणि मोठ्याने, सगळ्यांनी एकाच वेळी करायची प्रार्थना.

या शेवटच्या रीतीत 'तुझं तारण झालं का' मधला 'तुझं' फार जोरात उच्चारतात, आणि माडिया गोंडांच्या गावात तोच खडा लागतो. पेरणीआधीचा पंडुम, म्हणजे सण, गावाचा असतो. पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, पूजा करतो ती गावाच्या वतीने. बी तेव्हा सगळ्यांचं एकदम शुद्ध होतं. माझं झालं, तुझं राहिलं असं नसतं. एका घराने मंडळीत जाऊन पंडुमची वर्गणी थांबवली की गावाला वाटतं, ओळीतला एक दात पडला. मग पाऊस लांबला तरी बोट त्या घराकडे जातं. मी दोन्ही बाजूंच्या ओसरीवर बसलोय. गावाचा राग मला खोटा वाटत नाही. नवरा दारू पिऊन मारतो आणि गाव त्यावर काही बोलत नाही, म्हणून एखादी बाई सतरंजीवर येऊन बसते, तिचं 'माझं' हेही खोटं वाटत नाही. ज्याला गावातच बुडायला झालं, त्याला गावाबरोबर तरायला सांगणं कठीण आहे. यात कोण बरोबर, हे मला ठरवता आलेलं नाही आणि अय्यगारूंनाही आलं नव्हतं. ते पेरम्याच्या घरी चहाला जात. उपदेशात मात्र पंडुमविरुद्ध बोलत.

वहीकडे मी या सगळ्यानंतर पुन्हा वळलो तेव्हा ती वेगळी दिसली. तीत तारण नव्हतं असं मला वाटलं होतं. ते पानोपानी होतं. फक्त कशापासून, ते प्रत्येकाने लिहिलं होतं.

धान निघाल्यावर डिसेंबरात मंडळीचा कापणीचा सण झाला. लोकांनी आणलेलं पुढे मांडून ठेवलं: धानाच्या ओंब्या, तुरीच्या शेंगा, मधाची बाटली, पाय बांधलेला एक कोंबडा, एक कोहळं. आशीर्वाद झाला आणि लिलाव सुरू झाला. लिलावात अय्यगारूंची मराठी कमालीची शुद्ध व्हायची. कोंबडा बंगाली दुकानदाराने घेतला. कोहळ्याला तीस रुपयांवर कुणी पुढे जाईना, तेवढ्यात दारातून आवाज आला, "पन्नास." चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभा असलेला तो माणूस बैलवाला होता. सतरंजीवरच्या एका पोराने गंमत म्हणून साठ म्हटलं. त्याने सत्तर म्हटलं, मग ऐंशी. पैसे मोजून दिले, कोहळं खांद्यावर टाकलं आणि कुणाशी न बोलता गेला.

त्याचं घर माझ्या शाळेच्या वाटेवर. छपरावर त्या वर्षी अकरा कोहळी होती, येता-जाता मी ती मोजलेली होती.