हृदयाची धडधड आणि निर्दोष तपासणी



स्तोत्रसंहितेच्या ३८ व्या स्तोत्राचा कर्ता देवापुढे आपले गाऱ्हाणे मांडताना पुष्कळ व्याधी सांगतो. दहाव्या वचनात तो आपल्या धडधडणाऱ्या हृदयाविषयी, ओसरलेल्या शक्तीविषयी व मंदावलेल्या दृष्टीविषयी बोलतो; आणि लगेच पुढच्या वचनात आपले मित्र व आप्त आपल्यापासून दूर उभे राहिले आहेत असे सांगतो. ही दोन दुःखे एकमेकांना लागून यावीत हे विचार करण्याजोगे आहे. पहिले दुःख शरीराचे आहे, दुसरे मंडळीचे आहे. आणि पुष्कळदा दुसरे पहिल्याहून जड होते.

आपल्या वऱ्हाडातील खेड्यापाड्यांत हे वारंवार घडते. दर्यापूर, मूर्तिजापूर किंवा अचलपूर तालुक्यातील एखादा कष्टाळू मनुष्य, नाहीतर घरसंसार सांभाळणारी एखादी बाई, रात्री एकाएकी जागी होते. छातीत धडधड चाललेली असते, घशाशी काहीतरी दाटते, हातपाय गार पडतात, आणि आता आपले संपले असे वाटते. मग उसनवारी करून अमरावतीस किंवा अकोल्यास जाणे होते. ईसीजी निघतो, इको होतो, रक्त तपासतात, थायरॉईड पाहतात. शेवटी डॉक्टर म्हणतात, सर्व ठीक आहे, चिंता नको. घरी यावे तो पुन्हा तीच धडधड!

येथून पुढे खरा क्लेश सुरू होतो. घरातील एक म्हणतो, हे सोंग आहे. शेजारचा म्हणतो, बाहेरचे काही लागले असेल, जाणत्याला दाखवा. तिसरा म्हणतो, नागपुरास मोठ्या दवाखान्यात नेऊन सगळे पुन्हा तपासा. आणि फार दुःखाची गोष्ट ही की, मंडळीतलाच कोणी म्हणतो, विश्वास कमी पडला. या चारही बोलण्यांनी रोग्याचे भय वाढते. म्हणून खरे काय आहे ते आज शांतपणे पाहू.

पहिली गोष्ट, तपासणी निर्दोष निघाली याचा अर्थ काय? मनुष्याचे हृदय दिवसरात्रीत सुमारे एक लक्ष वेळा ठोके देते. स्वस्थ बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारणपणे मिनिटास ६० ते १०० चालते. इकोमध्ये हृदयाच्या भिंती व झडपा दिसतात. ईसीजीमध्ये ठोक्यांचा विद्युत्प्रवाह दिसतो. ही दोन्ही चांगली निघाली म्हणजे घराच्या भिंती मजबूत आहेत व दारे नीट लागतात असे समजावे. हा निकाल देवाचे दान म्हणून घ्यावा. त्याच्यावर अविश्वास धरू नये. परंतु यावरून रोग्याला काही झालेच नाही असा अर्थ मात्र काढू नये. ईसीजीची नेहमीची पट्टी सुमारे दहा सेकंदांचीच असते, आणि धडधड तर घरी, अपरात्री येते. म्हणून गरज वाटल्यास डॉक्टर चोवीस तास किंवा अधिक वेळ नोंद ठेवणारे होल्टर नावाचे यंत्र अंगावर बांधतात, किंवा धडधड चालू असतानाच ईसीजी काढून घ्यावयास सांगतात.

दुसरी गोष्ट, हृदय चांगले असता ते धडधडते का? कित्येकदा एखादा ठोका वेळेच्या अगोदर पडतो, मग क्षणभर विसावा होतो, आणि पुढचा ठोका जोराने येतो. यालाच आपण काळजाचा ठोका चुकला असे म्हणतो. असे ठोके निरोगी माणसांतही पुष्कळ आढळतात, व हृदय धडधाकट असल्यास बहुधा निरुपद्रवी असतात. कित्येकदा भयाच्या, श्रमाच्या किंवा जागरणाच्या योगे अंगात ॲड्रेनलिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते व नाडी पळू लागते. ती पळते म्हणून मनुष्य भितो, आणि भितो म्हणून ती आणखी पळते. ज्याने ज्वारीच्या मचाणावर रात्र जागून काढली आहे त्याला हे चांगले कळेल. एकदा रानडुकरांनी शेत तुडवले की, पुढे प्रत्येक पान हलले तरी राखणदार ओरडून उठतो. डुक्कर नसले तरी त्याचे जागरण खोटे नसते. तसाच हा रोगी आपल्या छातीची राखण करीत बसतो आणि प्रत्येक ठोका मोजतो. आपल्या भाषेलाही हे ठाऊक आहे. ऊर दडपणे, काळीज लकाकणे, छातीत धस्स होणे, हे शब्द काही डॉक्टरांनी केलेले नाहीत.

हा रोग नवा नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात फिलाडेल्फिया येथील जेकब मेंडिस डा कोस्टा या वैद्याकडे धडधड, छातीतील वेदना व थकवा सांगणारे सैनिक येत. त्यांच्या हृदयात त्याला बहुधा रोग सापडत नसे. अशा सुमारे ३०० सैनिकांचा अभ्यास त्याने १८७१ साली प्रसिद्ध केला. त्याने त्यांना कामचुकार ठरविले नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांना आधी ताप किंवा अतिसार होऊन गेला होता, आणि अंगात शक्ती भरण्यापूर्वीच ते पुन्हा कूच करीत होते, हे त्याने पाहिले. आणि विश्रांतीवर भर दिला. पुढे पहिल्या महायुद्धातही असेच हजारो सैनिक आढळले.

आता आपल्या मुलखाकडे पाहा. वैशाखात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घाम जाऊन पाणी कमी झाले की नाडी वाढते. पंपाची वीज रात्री आली तर रात्रभर ओलित करावे लागते आणि झोप मोडते. चहा वारंवार होतो, आणि दिवसभर खर्रा तोंडात असतो; त्यातील तंबाखूने नाडी चढते, हे पुष्कळांना माहीतच नसते. वर कापसाच्या भावाची काळजी व सावकाराचे देणे असते. बायांमध्ये रक्त कमी असणे आणि मेळघाटासारख्या भागात सिकलसेल ही कारणेही असतात. म्हणून हिमोग्लोबिन पाहिले आहे की नाही एवढे अवश्य विचारावे. हे सर्व ध्यानात घेतले म्हणजे कळते की, धडधड विनाकारण नाही. तिचे कारण पुष्कळदा हृदयाच्या बाहेर, आपल्या जगण्यात असते.

तिसरी गोष्ट, देव अशा मनुष्याशी कसा वागतो? राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. एलीया हा मोठा संदेष्टा. कर्मेलावर तो निर्भय उभा होता. परंतु ईजबेलीची धमकी ऐकताच जीव घेऊन पळाला, रानात एका झुडपाखाली बसला, आणि मरण मागू लागला. त्या वेळी देवाने त्याला, तुझा विश्वास कोठे गेला, असे विचारले नाही. त्याने त्याला झोपू दिले. मग दूताने त्याला स्पर्श करून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे दाखविले. तो जेवला व पुन्हा झोपला. पुन्हा उठविले, पुन्हा जेवविले. त्यानंतरच होरेबाची वाट, आणि त्यानंतर तो मंद वाणीचा आवाज. आधी झोप, अन्न, पाणी व प्रेमाचा हात, प्रश्न मागाहून. उपदेशक बंधूंनो, हा क्रम आपण उलटा करू नये.

कोणी म्हणेल, स्तोत्रकर्ता तर आपल्या व्याधीचा संबंध स्वतःच्या पापाशी लावतो. खरे आहे, परंतु ते तो स्वतः देवापुढे म्हणतो. दुसऱ्याने त्याच्यावर तसा आरोप करावा ही मुभा त्यात नाही. ईयोबाच्या मित्रांनी तो केला, आणि देवाने त्यांना दोष दिला. ते सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तेवढीच त्यांची उत्तम सेवा होती. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी कोणाचे पाप म्हणून विचारले, तेव्हा प्रभूने तो प्रश्नच बाजूस सारला. आणि गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूच्या जिवाला अत्यंत व्याकुळता आली, तेव्हा व्याकुळ होणे हेच पाप असे कोण म्हणेल? पौलाचा प्रिय सोबती लूक वैद्य होता. तेव्हा वैद्याकडे जाणे हा अविश्वास नव्हे.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

१. एका विश्वासू डॉक्टरांना धरून राहा. त्याच तपासण्या गावोगाव पुन्हा करून कर्ज वाढवू नका. धडधड केव्हा आली, किती वेळ राहिली, त्यापूर्वी काय खाल्ले, प्याले किंवा घडले, हे वहीत लिहून त्यांना दाखवा. शेतात फवारणी करीत असाल तर तेही सांगा.

२. धडधड आली की धावाधाव करू नका. बसा, पाठ टेका. सावकाश श्वास घ्या, आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडा. भीतीची लाट बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेस पोहोचते व मग ओसरते. हिच्यातून मी यापूर्वीही पार पडलो आहे, असे मनाशी म्हणा.

३. खर्रा सोडा, चहा कमी करा, पाणी भरपूर प्या, झोपेची वेळ पाळा. डॉक्टरांनी मना केले नसेल तर रोज चाला आणि आपले काम सोडू नका.

४. तरीही भय जात नसेल तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यास लाजू नका. बोलण्याच्या उपचाराने व गरज पडल्यास औषधाने हा त्रास बहुतेकांचा हटतो. अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात विचारा. २०२२ च्या ऑक्टोबरात सरकारने टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, व त्याला पैसे पडत नाहीत.

५. मात्र धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दाबल्यासारखे दुखले, श्वास लागला, श्रम करताना भोवळ आली, किंवा नाडी स्वस्थ बसूनही फार वेगाने चालत राहिली, तर तिला मनाचा खेळ म्हणू नका. १०८ ला कळवून रुग्णवाहिका बोलवा. घराण्यात कोणी तरुणपणी एकाएकी वारले असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पूर्वीची तपासणी निर्दोष होती म्हणून नवीन लक्षणाकडे दुर्लक्ष करणे शहाणपणाचे नव्हे.

मंडळीच्या वडीलजनांना व बायबल-भगिनींना एक विनंती आहे. अशा घरी जाल तेव्हा मोठमोठ्याने प्रार्थना करून रोग्याभोवती गर्दी करू नका. जवळ बसा, पाणी द्या, त्याचे बोलणे पुरते ऐका. तुला काही झाले नाही, असे न म्हणता, तुझे हृदय चांगले आहे आणि तुझा त्रासही खरा आहे, असे म्हणा. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. त्यांतील एक गाळले तर रोग्याचे नुकसान होते. पहिले गाळले तर तो दवाखान्यामागून दवाखाने हिंडतो. दुसरे गाळले तर तो एकटा पडतो. आणि त्याची पत्नी किंवा सासू रात्र रात्र जागत असेल, तर एक रात्र तुमच्यापैकी कोणीतरी जागा. स्तोत्रकर्त्याचे मित्र दूर उभे राहिले. आपण जवळ उभे राहू.

हे दयाळू बापा, ज्याने आमचे हृदय घडविले तो तूच आहेस, आणि त्याचा प्रत्येक ठोका तुला ठाऊक आहे. ज्यांची छाती आज रात्री भयाने धडधडत आहे त्यांना झोप दे, अन्न दे, शहाणा वैद्य दे, आणि जवळ बसणारा मनुष्य दे. आम्हांला त्यांच्यापासून दूर उभे राहू देऊ नको. आमेन.