तिसऱ्याच्या मांडवात

इंदूर

चि. ईशा,


पत्र मिळालं. कॉलेजच्या अभिरूप संसदेत तुला ‘दक्षिण आशियातल्या संसदांचं सहकार्य’ हा विषय आला म्हणून तू वैतागली आहेस. खासदारांच्या परदेशवाऱ्या सोडल्या तर यात बोलण्यासारखं आहे तरी काय, असं विचारतेस. टोमणा अगदीच खोटा नाही. पण तो मारण्याआधी ही गाडी कुठून निघाली ते बघून घे.

जिनिव्हात आंतर-संसदीय संघ आहे. सगळे त्याला आयपीयू म्हणतात. 30 जून 1889 रोजी पॅरिसमध्ये तो स्थापन झाला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांपेक्षा 56 वर्षांनी थोरला. त्यामागे दोन माणसं होती. एक इंग्लंडचे विल्यम रँडल क्रेमर, सुतारकाम करून कामगार चळवळीतून पार्लमेंटात पोचलेले. दुसरे फ्रान्सचे अर्थशास्त्री फ्रेडरिक पासी. देशांनी भांडण घेऊन रणांगणावर जाण्याआधी लवादाकडे जावं, एवढाच त्यांचा आग्रह. दोघांनाही पुढे शांततेचं नोबेल मिळालं. संयुक्त राष्ट्रांत सरकारं बसतात, इथे संसदा बसतात. त्यामुळे शिष्टमंडळात विरोधी बाकांवरचेही लोक असतात. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. परराष्ट्र खात्याच्या कुठल्या बैठकीत तुला विरोधी पक्षाचा माणूस दिसणार आहे?

संघाचे प्रादेशिक गट आहेत. आपण आशिया-पॅसिफिक गटात, पण त्यात चीन, जपान, इराणही. एवढ्या पसाऱ्यात भूतान-मालदीवचा आवाज कितीसा ऐकू येणार? म्हणून आयपीयूच्याच पुढाकाराने दक्षिण आशियाच्या संसदाध्यक्षांची छोटी परिषद सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं ठरवली होती. त्यांचं पुढे काय करायचं, हा तिचा विषय. पहिली बैठक 2016 च्या जानेवारीत ढाक्यात भरली. तेव्हा आयपीयूचे अध्यक्षही बांगलादेशचेच होते, साबेर चौधरी.

ढाक्याकडे नीट बघ. तिथे मोठा भर तंबाखूवर होता. तंबाखूसाठी कशाला परिषद, असं तुला वाटेल. आपल्या मध्य प्रदेशाने 2012 च्या एप्रिलमध्ये गुटख्यावर बंदी घातली, महाराष्ट्राने त्याच वर्षी जुलैत. तरी पुड्या यायच्या त्या येतच राहिल्या. शेजाऱ्याचा कायदा ढिला असेल तर आपला कायदा कागदावर राहतो, हे एका देशातल्या राज्यांना कळलं. देशांचंही तेच आहे. विडी, जर्दा, गुटखा हे आपल्या सगळ्या उपखंडाचं दुखणं, आणि कर, जाहिरातबंदी, पाकिटावरचं चित्र हे सगळं शेवटी संसदेतूनच जातं. त्याच परिषदेत तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी 2040 पर्यंत बांगलादेश तंबाखूमुक्त करण्याची घोषणा केली. त्यांचं सरकार 2024 मध्ये गेलं. पण व्यासपीठावरून जाहीर केलेला आकडा असा असतो की पुढच्या कुठल्याही सरकारला त्यावरून विचारता येतं.

दुसरी परिषद 2017 च्या फेब्रुवारीत इथे, इंदुरात झाली. यजमान आपल्या ताई, तेव्हाच्या लोकसभाध्यक्ष सुमित्रा महाजन. चिपळूणची मुलगी, इंदूरची सून आणि इथून आठ वेळा निवडून गेलेली खासदार! आम्हा इंदूरच्या मराठी मंडळींना त्याचं केवढं कौतुक होतं ते विचारू नकोस. तेव्हा भारताच्या लोकसभेच्या आणि बांगलादेश व नेपाळ यांच्या संसदांच्या अध्यक्षपदी स्त्रिया होत्या. स्त्री-पुरुष समानता आणि हवामान बदल यांवर चर्चा झाली, इंदूर जाहीरनामा निघाला. पाकिस्तान मात्र आला नाही. आदल्या सप्टेंबरात उरीच्या लष्करी तळावर हल्ला झाला होता, नोव्हेंबरातली इस्लामाबादची सार्क परिषद त्यामुळे होऊच शकली नव्हती.

इथेच या विषयाची मेख आहे. सार्कमध्ये निर्णय एकमताने घ्यावा लागतो, त्यामुळे एक जण रुसला की सगळं ठप्प. 2014 च्या काठमांडूनंतर सार्कची शिखर परिषद भरलेलीच नाही. आयपीयूचं छत्र मात्र कुणा शेजाऱ्याचं नाही. भावकीत कोर्टकचेरी चालू असली तरी तिसऱ्याच्या मांडवात एका पंगतीला बसता येतं, तसं. अर्थात पंगतीत भांडणही होतं. 2019 च्या सप्टेंबरात मालेला चौथी परिषद भरली. कलम 370 हटवून महिनाही झाला नव्हता. पाकिस्तानच्या नॅशनल असेंब्लीचे उपाध्यक्ष कासिम सुरी यांनी काश्मीर काढलं, राज्यसभेचे उपसभापती हरिवंश यांनी तिथल्या तिथे हरकत घेतली, आणि मालदीवच्या संसदेचे अध्यक्ष मोहम्मद नशीद यांना सभा आवरता आवरता पुरेवाट झाली. वर्तमानपत्रांत मुख्यतः तेवढंच आलं. विकासाच्या उद्दिष्टांवर दोन दिवस जे बोलणं झालं, ते फारसं कुणी छापलं नाही.

आता तुझ्या टोमण्याचा खरा भाग. या जाहीरनाम्यांना कायद्याचं बळ नाही. ते कुठल्याही सरकारला बांधत नाहीत. माझी तक्रार मात्र वेगळीच आहे. या परिषदा संसद आहे असं गृहीत धरून चालतात. काबूलची संसद 2021 च्या ऑगस्टनंतर उरली नाही. ढाक्याची 2024 च्या ऑगस्टमध्ये विसर्जित झाली, काठमांडूची प्रतिनिधी सभा 2025 च्या सप्टेंबरमध्ये. संसदच जाते तेव्हा शेजारच्या संसदांनी काय करायचं, याचं उत्तर ढाका-इंदूर-मालेच्या कुठल्याच बैठकीने शोधलेलं मला दिसत नाही. आयपीयूची एक समिती 1976 पासून खासदारांच्या मानवी हक्कांचं काम बघते. तुरुंगात टाकलेल्या, धमकावलेल्या खासदारांची बाजू ती धरते. मालदीवच्या विरोधी खासदारांची प्रकरणं तिच्यापुढे गेली होती. विकासाच्या उद्दिष्टांइतकाच वेळ दक्षिण आशियाने या कामाला द्यायला हवा होता, असं मला वाटतं. तू भाषणात हाच मुद्दा घे. परदेशवाऱ्यांवर तर प्रत्येक जण बोलेल.

आणि एक काम कर. इंदूर जाहीरनामा मिळवून वाच. मग लोकसभेच्या संकेतस्थळावर 2017 नंतरची प्रश्नोत्तरं चाळ आणि त्या जाहीरनाम्याचा आधार घेऊन किती खासदारांनी मंत्र्यांना प्रश्न विचारला ते मोज. ताईंनी खासदारांना अशा विषयांची माहिती मिळावी म्हणून 2015 मध्ये स्पीकर्स रिसर्च इनिशिएटिव्ह सुरू केलं होतं, त्याचंही पुढे काय झालं ते बघ. जो आकडा येईल तो लहान असला तरी भाषणात सांग, आणि मलाही कळव.

तुझा,
आजोबा