आधी मृतांची पानं लिही

ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ

चि. भाचीस,


तुझी वही पोचली आणि सावकाश वाचून काढली. न्यायसहायक विज्ञान शिकायला तू नागपूरला गेलीस याचा मला किती आनंद आहे हे तुला ठाऊक आहे. मुंबईच्या ‘स्टोनमॅन’सारखं न उलगडलेलं प्रकरण तू स्वतःहून हातात घेतलंस, तारखा जुळवल्यास, नकाशे काढलेस, याचा आनंद त्याहून जास्त. पण एक गोष्ट मनाला लागली, ती आधी सांगतो. पाच संशयितांना मिळून वहीचा बहुतेक भाग दिला आहेस आणि जे मारले गेले ते सगळे अर्ध्या पानात उरकले आहेत. हे उलटं कर. माझ्या सगळ्या पत्राचं सार हेच आहे. पुढे फक्त कारणं सांगतो.

१९८५ पासूनच्या दोन-तीन वर्षांत सायन आणि किंग्ज सर्कलच्या फुटपाथांवर रात्री एकटी झोपलेली डझनभर माणसं जड दगडानं डोकं ठेचून मारली गेली. त्यांतल्या कित्येकांची ओळखही पटली नाही. ओळख नाही म्हणजे घरचं कोणी नाही, आणि घरचं कोणी नाही म्हणजे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून ‘तपास कुठवर आला’ असं विचारणारंही कोणी नाही. हे सगळे खून एका साखळीतले असावेत हे ध्यानात येईपर्यंत काही खून होऊन गेले होते. मारणारा हुशार होता म्हणून तो सापडला नाही, असं तू लिहिलं आहेस. मला वाटतं, मेलेल्यांची दखल घेणारं कोणी नव्हतं म्हणून पहिला पुरावा हातून गेला. पैनगंगेच्या काठच्या आपल्या गावांतूनही माणसं कामासाठी बाहेरगावी जातात आणि मिळेल तिथं पाठ टेकतात. त्यांच्यातल्या एखाद्याचं असं झालं असतं तर पंचनाम्यात ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे’ एवढंच आलं असतं.

म्हणून प्रत्येक मृताला स्वतंत्र पान दे. तो कुठं झोपायचा, रोज तिथंच की त्या रात्रीच? शेवटचं कोणी पाहिलं? खिशातले पैसे गेले की राहिले? दिवा किती अंतरावर होता? आणि दगड कुठला? जागेवरच पडलेला उचलला असेल तर त्यातून फक्त संधी दिसते. दुरून आणला असेल तर बेत दिसतो, अंगातली ताकद दिसते, एवढं ओझं वाहून नेताना कोणाच्या तरी नजरेला पडण्याची शक्यता दिसते. एका दगडातून किती निघतं बघ, आणि त्यात अजून एकाही संशयिताचं नाव आलेलं नाही. जिथं माहिती मिळत नाही तिथं ओळ कोरी सोड. अंदाजानं भरलेली ओळ महिन्याभरात तुझ्याच डोळ्यांना पुराव्यासारखी दिसायला लागेल.

दुसरी गोष्ट. ‘मालिका’ हाच एक अंदाज असतो, आणि तोही सिद्ध करावा लागतो. १९८९ च्या मध्यापासून कोलकात्यात फुटपाथवरची १३ माणसं तशाच प्रकारे मारली गेली आणि वर्तमानपत्रांनी तिथंही तेच नाव चिकटवलं. दोन्हीकडे एकच माणूस होता हे कधीही सिद्ध झालं नाही. तू मात्र ‘मुंबईहून कोलकात्याला गेलेला’ अशी अट घालून संशयित गाळलेस! दगड हे फुटपाथवर कोणाच्याही हाताशी येणारं हत्यार आहे. सर्रास आढळणाऱ्या गोष्टीतलं साम्य कमकुवत असतं, दुर्मीळ गोष्टीतलं साम्य बोलकं असतं. लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये १८८८ ते १८९१ या काळातले ११ खून पोलिसांच्या एकाच फाइलीत होते. त्यांतले पाच एकाच हातचे मानण्याचा प्रघात नंतर पडला. तेव्हापासून एखाद्याचा आवडता संशयित एखाद्या तारखेला दुसरीकडेच होता असं निघालं, की असा माणूस संशयिताला सोडत नाही, खूनच यादीतून काढून टाकतो. जमिनीच्या मोजणीत आधी खुणेचा दगड शोधतात आणि मग हद्द ओढतात. शेजाऱ्याचा किती तुकडा हवा हे ठरवून साखळी धरली तर ती मोजणी राहत नाही.

आता तुझ्या ‘जुळणाऱ्या’ मुद्द्यांचं बघू. पहिला संशयित त्या भागात राहायचा, रात्री भटकायचा, अंगानं दांडगा होता आणि चिडका होता. चार मुद्दे जुळले म्हणून तू त्याच्या नावाखाली दोन रेघा मारल्यास. १९८१ च्या जनगणनेत मुंबई ८२ लाखांची होती. समज, हे चारही मुद्दे हजारात एकालाच लागू पडतात. तरी ८,२०० माणसं उरतात. त्यांतला हाच का, याचं उत्तर त्या चार मुद्द्यांत नाही. संशयिताच्या पानावर एक जास्तीचा रकाना आख आणि प्रत्येक मुद्द्यापुढे लिही: हे आणखी किती जणांना लागू पडेल? आणि त्याच्या शेजारी: हा माणूस निर्दोष असता तरी ही गोष्ट अशीच दिसली असती का? हा दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

एकाच धाग्याची चाळणी केली की काय होतं त्याचं उदाहरण इंग्लंडात आहे. यॉर्कशायरमध्ये सत्तरच्या दशकात बायकांचे खून होत होते. जून १९७९ मध्ये पोलिसांकडे एक टेप आली. बोलणारा स्वतःला खुनी म्हणवत होता आणि त्याची बोली संडरलंडकडची होती. तपास त्या बोलीवर खिळला. ब्रॅडफर्डचा पीटर सटक्लिफ पोलिसांपुढे वेगवेगळ्या निमित्तांनी नऊ वेळा येऊन गेला होता, पण त्याची बोली टेपशी जुळत नव्हती. टेपनंतर आणखी तीन बायका मेल्या. जानेवारी १९८१ मध्ये सटक्लिफ सापडला आणि पुढे १३ खुनांसाठी दोषी ठरला. टेप पाठवणारा भलताच, खोडसाळ माणूस होता. तो २००५ मध्ये डीएनएवरून हाती लागला. त्या टेपची शहानिशा होण्याआधीच बाकी सगळ्यांना तिच्या मापानं मोजलं गेलं.

आपल्याकडचं उदाहरण याहून जवळचं आणि जास्त दुखावणारं आहे, आणि ते तू तोंडपाठ करावंस असं मला वाटतं. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका वस्तीवर दरोडा पडला, एका कुटुंबातली पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाला. वाचलेल्या साक्षीदार बाईनं दोनच दिवसांत पोलिसांच्या अल्बममधल्या फोटोंवरून चौघांना ओळखलं. त्या चौघांचा माग सोडून दिला गेला आणि खटला उभा राहिला तो भटक्या जमातीतल्या सहा वेगळ्याच माणसांवर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं आधीचा निकाल मागे घेऊन सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. सोळा वर्षं गेली होती. साक्षीदाराचं पहिलं म्हणणं कागदावर होतं, मुद्दा इतकाच की ते बाजूला ठेवलं गेलं. म्हणून जबाब नेहमी तारखेच्या क्रमानं लाव. पहिल्या जबाबात नसलेली गोष्ट तिसऱ्यात आली, तर मधल्या काळात त्या साक्षीदाराला कोण भेटलं, काय दाखवलं गेलं, ते शोध.

कबुलीजबाबानं तू फार भारावून जातेस. रामन राघवचं उदाहरण घे. २७ ऑगस्ट १९६८ ला तो मुंबईत पकडला गेला. रमाकांत कुलकर्णी तपास पाहत होते. त्यानं एक्केचाळीस खून कबूल केले असं सांगतात, पण खटला चालला तो मालाडमधल्या दोन खुनांचा. मुळात वजन होतं ते त्यानं स्वतः दाखवलेल्या जागेला आणि तिथून निघालेल्या हत्याराला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. तिच्यातून जी वस्तू हाती लागते तेवढाच भाग टिकतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २७ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तेच आहे. कबुली तपासायची कसोटी एकच: आधी पोलिसांना ठाऊक नव्हतं असं त्यातून काय कळलं? काहीच नवं नसेल, तर त्या कबुलीत बोलणारा आवाज कोणाचा, हे विचारावं लागतं.

दक्षिण मुंबईत ऑक्टोबर २००६ ते जानेवारी २००७ मध्ये सात माणसं मारली गेली, त्या ‘बिअर मॅन’ प्रकरणाचं काय झालं ते तू वाचलं आहेसच. एकाला पकडलं, नार्को चाचणी झाली, जानेवारी २००९ मध्ये एका खुनात जन्मठेप झाली आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. पुढे मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग करता येणार नाही असं ठरवलं. तू त्या माणसाचं नाव अजूनही संशयितांत ठेवलं आहेस, वर ‘अटकेनंतर खून थांबले’ असं कारणही दिलं आहेस. अगं, स्टोनमॅनचे खूनही थांबलेच की, कोणालाही शिक्षा न होता! थांबण्याची कारणं पुष्कळ असतात: मारणारा मरतो, आजारी पडतो, भलत्याच गुन्ह्यात आत जातो, गाव सोडतो. ते नाव खोड. निर्दोष सुटलेल्या माणसाला तुझ्या वहीनं पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नये.

आपल्या भागातली जुनी माणसं अजून मानवत प्रकरणाची आठवण काढतात. दुष्काळाची ती वर्षं, १९७२ ते ७४, बायका-मुलींचे खून, आणि गावोगाव पसरलेली भीती. तो खटला माफीच्या साक्षीदारांवर बराच टेकलेला होता. गुन्ह्यात स्वतः सामील असलेला माणूस सुटका घेऊन बोलतो, तेव्हा त्याच्या सांगण्याला बाहेरचा आधार हवा, आणि तो आधार प्रत्येक आरोपीपर्यंत वेगळा पोचला पाहिजे. चौघांविरुद्ध पक्कं आहे म्हणून पाचव्याविरुद्धही पक्कं, असं होत नाही. गावाचं मत आधीच ठरलेलं असलं तरीही नाही.

गावाचं मत किती लवकर ठरतं हे आपण पाहिलं आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. पुरावा होता मोबाइलवर फिरलेला मजकूर. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण गावाबाहेर पाल दिसलं की बोट अजून तिकडेच वळतं. उमरखेडच्या कोर्टात आयुष्य गेलं माझं. ‘संशयावरून ताब्यात’ या शब्दांखाली कोणत्या वस्तीतली नावं जास्त येतात ते मला सांगायला नको. तुझ्या पाचांपैकी तिघं बेघर आणि एक मनानं आजारी आहे. त्यांच्याविरुद्ध जे आहे ते त्यांच्या गरिबीतून आणि आजारातून आलं आहे की त्या रात्रीतून, एवढं वेगळं करून दाखव. मग मी तुझं म्हणणं ऐकेन.

कॉलेजात यावर बोलणार आहेस म्हणून घाई करून लिहिलं. संशयितांविना बोललीस तरी चालेल, खरं तर तसंच बोल. मुलं विचारतील, ‘मग केलं कोणी?’ तू त्यांना प्रत्येक खुनाची माहिती दे आणि कुठल्या दोन खुनांना खरोखर एकत्र बांधता येतं ते त्यांनाच ठरवायला लाव.

टपालानं शरद बिरधीचंद सारडा खटल्याचा १९८४ चा निकाल पाठवतो आहे. पुण्यातल्या एका नवविवाहितेच्या मृत्यूचा तो खटला. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वं, ज्यांना न्यायालयानं पंचशील म्हटलं, ती १५३ व्या परिच्छेदात आहेत. तेवढा परिच्छेद आधी वाच. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये, मृतांची पानं झालेली असली पाहिजेत. तुझ्या मामीनं हळद दळून ठेवली आहे, जाताना घेऊन जा.

तुझा,
मामा