साक्ष आणि सल्ला

शास्त्रपाठ : मार्क ५:१–२०, २ करिंथ १:३–११

ऑगस्ट २००६ मधील तापीचा पूर सुरतेत कोणी विसरलेले नाही. शहराच्या वरच्या अंगाला सुमारे १०० किलोमीटरवर उकाईचे धरण आहे. ते भरत आले, तेथून पाणी सोडावे लागले, आणि ते पाणी आमच्या घराघरांत शिरले. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो. आई, धाकटा भाऊ आणि आम्ही कतारगामकडे तळमजल्यावर एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. पाणी उंबऱ्याशी आले, मग खाटेला लागले, आणि रात्री आम्ही इमारतीच्या गच्चीवर गेलो. तेथे तीन रात्री काढल्या. प्रार्थना केली. पाणी वर चढता चढता थांबले व आम्ही वाचलो. ही आमची साक्ष.

पुढे आम्ही धर्मशिक्षणाची पदविका घेतली, मंडळ्यांतून बोलावणी येऊ लागली, आणि ही साक्ष तापी लाइनच्या गाडीने आमच्याबरोबर पार नवापूर-नंदुरबारपर्यंत फिरली. पहिल्या पहिल्याने आम्ही घडले तेवढेच सांगत असू. मग एका तरुणसंघाच्या सभेत शेवटी दोन शब्द उपदेशाचे जोडले. ते लोकांना आवडले. पुढल्या खेपेस त्याच्या तीन गोष्टी झाल्या : संकटात घाबरू नका, मोठ्याने प्रार्थना करा, मनात शंका आणू नका. मुले त्या वहीत उतरवून घेत. चार-पाच वर्षांत असे झाले की पूर हा त्या तीन गोष्टींचा केवळ दाखला होऊन बसला.

एकदा लिंबायत भागात एका घरी प्रार्थनासभा होती. खानदेशातून लूमच्या कामासाठी आलेली कुटुंबे, लहानशी खोली, दारापर्यंत चपला. आम्ही नेहमीची साक्ष दिली, तीन गोष्टी सांगितल्या, सर्वांनी आमेन म्हटले. चहा झाल्यावर एक वयस्कर बाई जवळ येऊन बसल्या. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, पुरात आमचे मालक गेले. आम्हीपण प्रार्थना केली होती. मोठ्यानेच केली होती. आमचं कुठं चुकलं, तेवढं सांगा.”

त्या भांडायला आल्या नव्हत्या. त्यांना खरोखरच उत्तर हवे होते. आम्ही तीन गोष्टी सांगितल्या होत्या, तर त्यांतली कोणती आपल्या हातून राहिली हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आम्ही काय उत्तर दिले ते आज आठवत नाही, आणि ते आठवत नाही हेच बरे. घरी जाताना रिक्षात आम्ही एक शब्द बोललो नाही.

त्या रात्री आम्ही आईला विचारले, “आई, पुराच्या वेळी नक्की काय काय झालं होतं?” आईने सांगितले ते असे. गच्चीच्या दाराला कुलूप होते. ते वरच्या मजल्यावरच्या मुसलमान चाचांनी लोखंडी सळईने तोडले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच घरची खिचडी सगळ्या इमारतीने खाल्ली. तिसऱ्या रात्री आम्ही धाकट्या भावावर ओरडलो, कारण पिण्याच्या पाण्याची कळशी त्याच्या हातून लवंडली होती, आणि नंतर कोपऱ्यात बसून म्हणालो होतो की देव बहिरा आहे. पुढे कित्येक महिने पत्र्यावर पावसाचा आवाज आला की आम्ही अंथरुणात उठून बसत असू.

हे सारे आम्हांला ठाऊक होते, परंतु साक्षीतून ते केव्हा गळाले हे समजलेही नाही. कुलूप आणि सळई त्या तीन गोष्टींत बसत नव्हती. खिचडी बसत नव्हती. देव बहिरा आहे हे वाक्य तर मुळीच बसत नव्हते. सल्ल्याला जे लागत नाही ते आठवणीतून झडून जाते. खोटे असे आम्ही काही बोललो नव्हतो. तरी जे उभे केले होते ते खरेही नव्हते.

आता मार्काच्या पाचव्या अध्यायाकडे वळू. कबरांत राहणारा, साखळ्या तोडणारा, स्वतःला दगडांनी ठेचून घेणारा तो मनुष्य बरा होऊन शुद्धीवर येऊन बसला. प्रभू मचव्यात चढू लागला तेव्हा त्याने विनंती केली की मला आपल्याबरोबर येऊ द्यावे. ही विनंती प्रभूने मान्य केली नाही. त्याने त्याला घरी, स्वतःच्या माणसांकडे पाठविले, आणि प्रभूने आपल्यासाठी काय केले व आपल्यावर कशी दया केली हे त्यांना कळवायला सांगितले.

घरी का? आम्हांला वाटते याचे एक साधे कारण आहे. त्या साखळ्या कोणी घातल्या होत्या? बहुधा घरच्याच, गावच्याच लोकांनी. त्याचे रात्रीचे ओरडणे त्यांनी ऐकले होते. अशा माणसांसमोर साक्ष घोटीव करता येत नाही. एक शब्द जास्त झाला की आई चुलीजवळून म्हणेल, “अरे, असं नव्हतं झालं.” आम्ही आमची साक्ष गावोगाव दिली, पण आईसमोर बसून एकदाही दिली नव्हती! आणि दुसरे असे की त्या मनुष्याला सांगायला दिले होते ते प्रभूचे काम आणि त्याची दया. भूतग्रस्तांनी बरे व्हावे कसे याचे नियम दकापलीसात जाऊन शिकवावेत, असे त्याला सांगितलेले नव्हते. त्याने ते केले असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.

स्वतःचे आयुष्य सांगायचे आणि त्यातून दुसऱ्यास उन्नतीचा मार्ग दाखवायचा, ही रीत आजची नाही. लंडनमध्ये १८५९ साली सॅम्युएल स्माइल्स यांचे ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक निघाले. गरिबीतून वर आलेल्या कारागिरांची व संशोधकांची चरित्रे त्यात आहेत आणि प्रत्येक चरित्राला उद्योगाचा, चिकाटीचा धडा जोडलेला आहे. त्याचे वंशज आज स्टेशनवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर मांडलेले असतात, मोबाईलवर बोलतात, आणि हल्ली व्यासपीठावरूनही बोलू लागले आहेत. मी कर्जातून असा सुटलो, तुम्हीही सुटाल. माझा आजार असा गेला, तुमचाही जाईल. सांगणारा लबाड असतोच असे नाही. आम्हीही लबाड नव्हतो.

आमच्या सुरतेत याच्या अगदी उलट वागणारा एक लेखक होऊन गेला. कवी नर्मद यांनी १८६६ साली ‘मारी हकीकत’ या नावाने आपली जीवनकथा लिहिली. सुरुवातीलाच त्यांनी सांगून टाकले की हे मी माझ्यासाठीच लिहीत आहे, नाव किंवा पैसा मिळावा म्हणून नव्हे. मागे काय झाले ते पाहून पुढे आपल्याला धीर यावा म्हणून. सगळेच लिहिता येणार नाही, पण जे लिहीन ते बरे असो वा वाईट, माझ्या माहितीप्रमाणे खरेच लिहीन, असेही त्यांनी म्हटले. त्यांनी त्याच्या मोजक्याच प्रती छापल्या होत्या; लोकांच्या हाती पुस्तक आले ते १९३३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला. नर्मद काही ख्रिस्ती नव्हते. परंतु आपल्या आठवणीने आधी आपल्यालाच धीर द्यावा, हा त्यांचा विचार आमच्या मनात घर करून राहिला आहे.

आपल्या मराठी मंडळीतही हा वारसा थोर आहे. बाबा पदमनजी यांचा बाप्तिस्मा बेळगावी १८५४ साली झाला आणि ‘अरुणोदय’ हे त्यांचे आत्मचरित्र निघाले १८८८ साली. मध्ये ३४ वर्षे गेली! आम्ही पुरानंतर सहा महिन्यांत व्यासपीठावर उभे होतो. पदमनजींनी पुस्तकाला नाव दिले तेही पाहा. अरुणोदय म्हणजे पहाट. भर दुपार नव्हे. लहानपणीचे देवदेव, मुंबईच्या परमहंस सभेतले दिवस, मनाची चलबिचल, सर्व त्यांनी क्रमाने लिहिले. उपदेश त्यातही आहे, तो त्यांनी लपविला नाही. पण प्रकाश हळूहळू आला असे जो कबूल करतो, त्याचा उपदेश ऐकताना अंधारात असलेल्या माणसाला आपण मागे पडलो असे वाटत नाही.

आणि लक्ष्मीबाई टिळकांविषयी काय सांगावे? त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून पुस्तकरूपाने येऊ लागली. नवऱ्याने १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा आकांत, काही वर्षांची ताटातूट, मग १९०० साली त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा. यातून कोणीही दहा प्रवचने काढली असती. बाईंनी काय केले? टिळकांचा तापटपणा सांगितला, घरातली ओढाताण सांगितली, स्वतःच्या फजितीला त्या स्वतःच हसल्या. रेव्हरंड टिळकांसारख्या भक्ताला त्यांनी कोठेही मखरात बसविले नाही. आमच्या ओळखीच्या कितीतरी स्त्रियांना त्या पुस्तकाने संसारात धीर दिला आहे, आणि त्यात त्यांना धीर धरा असे क्वचितच कोणी सांगितले असेल.

याचा अर्थ सल्ला देऊच नये असा कोणी करू नये. प्रेषित पौलाची पत्रे सल्ल्यांनी भरलेली आहेत. पण करिंथकरांस लिहिताना तो आरंभी कोठून बोलतो ते पाहा. आशियात आपल्यावर इतका भार पडला की जगण्याचीही आशा उरली नव्हती, हे तो आधी सांगतो. देवाने आपले जे सांत्वन केले त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्यांचे सांत्वन करावे, एवढीच तो त्याची वाट दाखवितो. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीरातल्या काट्याची हकीकत आहे. तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. आमच्या तीन गोष्टींच्या हिशेबाने पाहिले तर पौलाचेही कोठेतरी चुकलेच म्हणायचे!

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात स्वतःची आठवण जरूर सांगा. मुलांना ती चित्रातल्या धड्याहून अधिक पोचते. परंतु परीक्षेच्या आदल्या रात्री प्रार्थना केली आणि पास झालो, ही गोष्ट सांगताना वर्गात नापास झालेला मुलगाही बसला आहे हे ध्यानात असू द्या. नापास झालो ते वर्षही आपल्यापैकी पुष्कळांच्या आयुष्यात असते; तेही सांगावे. आणि साक्ष देण्याआधी ती घरात एकदा म्हणून पाहावी. घरची माणसे हसली तर ती कोठे हसली ते लिहून ठेवावे.

त्या बाईंकडे आम्ही पुन्हा गेलो. जायला दोन महिने लागले, कारण धैर्य होत नव्हते. आम्ही म्हणालो, “मावशी, त्या दिवशी मी अर्धीच साक्ष दिली. तुमचं काही चुकलं नव्हतं.” आणि मग कुलूप, खिचडी, भावावर ओरडलो ते, देवाला बहिरा म्हटले ते, सगळे सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी आपली गोष्ट सांगितली. मालक शेजारच्या म्हातारीला वर आणायला खाली उतरले होते. म्हातारी वर आली, ते आले नाहीत. पाणी ओसरल्यावर घरात गुडघाभर चिखल होता. त्यात त्यांचे बायबल सापडले. त्याची पाने एकेक सुटी करून मावशींनी आठ दिवस दोरीवर वाळत घातली होती.

आम्ही विचारले, “हे मंडळीत सांगाल का?” त्या म्हणाल्या, “सांगेन. पण शेवटी काय बोलायचं ते मला येत नाही.” आम्ही म्हणालो, तेथेच थांबा.

पुढच्या महिन्यात स्त्रियांच्या सभेत त्या उभ्या राहिल्या. पाने वाळत घातली इथपर्यंत सांगितले आणि खाली बसल्या. कोणी आमेन म्हटले नाही. थोड्या वेळाने मागच्या रांगेतली एक तरुण मुलगी उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.