योगाची पदवी

योगाची पदवी देणारी खासगी विद्यापीठे आता आपल्या देशात निघाली आहेत. बंगळूरच्या अशा एका संस्थेस २००२ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ह्याबद्दल आमची तक्रार नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम काढले, तेव्हाच योग प्रयोगशाळेत शिरला होता. त्यात त्याची हानी झाली असे आम्हांस वाटत नाही. आमची शंका निराळी आहे. ज्या विद्येचे फळ चित्ताच्या शांतीत आहे, तिचे प्रमाणपत्र कोणी कोणास द्यावे?

तंजावरास आलेला मराठी माणूस सरस्वती महाल पाहून धन्य होतो आणि परततो. त्याने कुंभकोणमजवळच्या तिरुविशनल्लूरलाही जावे. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे ह्यांनी १६९३ साली हे गाव ४६ पंडितांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे नाव शहाजीराजपुरम् पडले. तेथे ना कुलगुरू, ना शुल्क, ना पदवीदान! परंतु रामभद्र दीक्षित आणि श्रीधर वेंकटेश अय्यावाळ ह्यांच्यासारखी माणसे तेथे नांदली.

सदाशिव ब्रह्मेंद्रांचे विद्यार्जन ह्याच गावी झाले, असे परंपरा सांगते. वादात ते कोणालाही निरुत्तर करीत. पाहुण्या पंडितांनी गाऱ्हाणे केले, तेव्हा तुझे तोंड कधी मिटणार, असे गुरू परमशिवेंद्रांनी विचारले, आणि शिष्याने त्या क्षणापासून मौन धरले, अशी कथा आहे. पुढे ते अवधूत होऊन कावेरीकाठी हिंडत राहिले. आजच्या हिशेबाने सर्वांत हुशार विद्यार्थी अभ्यासक्रम अर्धवट टाकून गेला म्हणायचे!

पण ह्याच मौनी पुरुषाने पतंजलीच्या सूत्रांवर 'योगसुधाकर' ही वृत्ती लिहिली. म्हणजे त्यांनी सोडला तो जिंकण्याचा हव्यास. शास्त्र सोडले नाही. म्हणूनच योग विद्यापीठात शिकवूच नये, हे मत आम्हांस पटत नाही. सूत्रांचा अर्थ विचारता येतो, आसनांची बिनचूकता पाहता येते. पाठीचे दुखणे घेऊन येणाऱ्या रोग्याला शिक्षक शिकलेला आहे की भोंदू, हे कळण्याचे काही साधन हवेच. सरफोजीराजांनी नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह ठेवविल्या. त्या आजही सरस्वती महालात आहेत. डोळ्याची अशी नोंद ठेवता येते. वैराग्याची कशी ठेवणार?

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी वार्षिक गोपनीय अहवालातील सचोटीचा रकाना भरला आहे, किंवा तो आपल्यासाठी भरला जाताना श्वास रोखला आहे. 'संशयातीत' हा शब्द तेथे किती सहज पडतो! योगाच्या पदवीपत्रावरही असाच शब्द पडेल, ही आमची भीती. शुल्कावर चालणाऱ्या संस्थेला तर तो मोह अधिक, कारण तेथे विद्यार्थी हाच दाता असतो. शहाजीराजांनी गाव दिले ते पंडितांना; वर्षाकाठी किती योगी तयार झाले, हे विचारण्याची सोय त्या दानात नव्हती. नव्या विद्यापीठांनी पदवीपत्रावर एवढेच स्पष्ट लिहावे की, ग्रंथ तपासला, शरीर तपासले; बाकीचे तपासलेले नाही.