कार्यावरून कारण: न्यायदर्शन आणि कोसळलेला प्रोग्रॅम

परिणाम पाहून कारण निश्चित करता येते काय, या प्रश्नाचा विचार न्यायदर्शन ‘शेषवत् अनुमान’ या नावाखाली करते, आणि न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने त्यासाठी दिलेले उदाहरण नदीचे आहे: पात्र भरून वेगाने वाहताना दिसले की वर पाऊस झाला असे समजावे. न्यायसूत्रांतील पूर्वपक्ष, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेले विरोधी मत, असा आक्षेप घेतो की पाणी अडवल्यानेही नदी फुगते. नाशिककरांना हा आक्षेप निराळा समजावून सांगावा लागत नाही; गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की पूर केवढा ते कळते, पण तो शहरातल्या पावसाचा की गंगापूर धरणातून केलेल्या विसर्गाचा, हे मूर्तीवरून ठरत नाही.

कार्यावरून कारण ओळखण्याची हीच अडचण संगणकावरही येते. कमांड लाइनवर चालणारा प्रोग्रॅम संपताना, ज्या प्रक्रियेने त्याला सुरू केले तिच्यासाठी एक अंक मागे ठेवतो. हाच एक्झिट कोड, ज्यात शून्य म्हणजे कार्यसिद्धी आणि अन्य अंक म्हणजे बिघाड असा संकेत रूढ आहे. कोसळलेल्या प्रोग्रॅमला मात्र स्वतः काही सांगता येत नाही, त्याची साक्ष कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, देतो. निषिद्ध स्मृतीला हात लावल्यामुळे लिनक्सवर प्रोग्रॅम मारला गेला, तर 11 क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे कर्नलने प्रक्रियेला दिलेला इशारा, नोंदला जातो आणि शेल, म्हणजे आज्ञा वाचून प्रोग्रॅम चालवणारा प्रोग्रॅम, त्यात 128 मिळवून 139 दाखवतो. तोच दोष विंडोजवर 3221225477 असा उमटतो. परंतु धडधाकट प्रोग्रॅमही मुद्दाम 139 परत करू शकतो, म्हणजे नैयायिकांच्या भाषेत हा हेतू, अर्थात अनुमानाचा आधार असलेली खूण, व्यभिचारी, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारा, ठरतो. शून्याची गत तर याहून वाईट आहे: युनिक्स शेलपर्यंत अंकाचे खालचे आठच बिट पोहोचत असल्याने, चुकांची संख्याच कोड म्हणून परत करणाऱ्या साधनाला 256 चुका सापडल्या तर बाहेर शून्य, अर्थात यश, दिसते.

वात्स्यायनाचे आक्षेपाला उत्तर असे की नुसती पूर्णता हा हेतू नव्हेच. वेग, फेस आणि वाहत आलेली पाने, फळे, लाकडे यांसहित पूर्णता हा हेतू होय. हे उत्तर युनिक्सवर तंतोतंत लागू पडते, कारण तेथे प्रक्रिया स्वतः संपली की सिग्नलने मेली हा भेद कर्नलच्या मूळ नोंदीत वेगळा असतो आणि शेलच्या बेरजेतच तो हरवतो, म्हणून विवेकी साधन ती मूळ नोंद विचारते. विंडोजवर असा वेगळा विशेष मिळत नाही; तेथे अंकाच्या ठेवणीवरूनच तर्क करावा लागतो, आणि 3221225477 हा अंकही कोणताही प्रोग्रॅम स्वेच्छेने परत करू शकतो.